पाण्याकाठी छोटं घर: नागपूरहून दोन-अडीच तासांत कुठला भाग धरावा?

संत्रागोळी (धागाकर्ता), ११ जानेवारी

नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही नागपूरचे. मी, बायको, नववीतला मुलगा आणि आई. बाबांच्या मागे थोडी रक्कम राहिली ती बँकेत पडून आहे, आणि आईचं टुमणं एकच, पाण्याकाठी एखादं घर घ्या. ती मूळची पवनीची. वैनगंगेच्या घाटावर लहानाची मोठी झाली, आता सहाव्या मजल्यावर राहते. नाही कसं म्हणणार?

गरज मोठी नाही. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीतून पाणी दिसावं. महिन्यातून दोनदा जाऊ, दिवाळीत आणि उन्हाळ्यात आठ-आठ दिवस. होमस्टे वगैरे काढायचा नाही. जमीन आणि बांधकाम धरून तीस-पस्तीस लाखांच्या वर जाता येणार नाही.

आतापर्यंत खिंडसी, नवेगाव खैरी, आंभोरा, बोरधरण आणि नवेगावबांध पाहून झालं. परतताना प्रत्येक वेळी वाटतं की हेच घ्यावं, आणि पुढच्या रविवारी मत बदलतं. आंभोऱ्याच्या अलीकडे एका दलालाने पाऊण एकर दाखवलं. डिसेंबरात गेलो होतो, कुंपणापासून पाणी मोजून चाळीस पावलं. पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, तारांवर तोललेला तो नवा पूल. आई तिथेच बसून राहिली, उठेचना. दलाल म्हणतो, 'लेक टच आहे साहेब, असं परत निघत नाही.' बयाणा मागतोय.

नवेगाव खैरी आणि नवेगावबांध ही दोन वेगळी ठिकाणं आहेत हे मला ठाऊक आहे, त्यावरून वाद नको. कुठला भाग धरावा, एवढंच सांगा.

पाणकावळा, ११ जानेवारी

'लेक टच' ऐकलं की गाडी वळवायची. बाकीचं इथले जाणकार सांगतील.

साकोलीचा_वाघोबा, ११ जानेवारी

भाऊ, बयाणा देऊ नका. डिसेंबरात पाणी पाह्यलं नं तुम्ही? आता मे मयन्यात जा त्याच जागेवर. पाणी हुडकाले मोटरसायकल लागन. आमच्याकडे बाहेरचे लोकं दिवाळीच्या सुट्टीत येतेत, हिरवंगार पाहून खूश होऊन राह्यतेत, मंग जमीन घेतेत, मंग मेमधी फोन करतेत का तलाव कुठं गेला. तलाव कुठं जाईन बाप्पा, धानाले गेला!

पाटबंधारे_निवृत्त, १२ जानेवारी

वाघोबांचं म्हणणं जरा उलगडून सांगतो. माझी तीस वर्षांची नोकरी याच पाण्याच्या पातळ्या वहीत उतरवण्यात गेली.

लोणारसारखा अपवाद सोडला तर विदर्भात आपण ज्याला तलाव म्हणतो ते बहुतेक माणसाने अडवलेलं पाणी आहे. एक तर धरणाचा फुगवटा, नाहीतर मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला. हे पाणी अडवलंच मुळी वापरून टाकण्यासाठी, शेतीला नाहीतर शहराला. काठ एका जागी राहावा अशी ते बांधणाऱ्यांची कधीच इच्छा नव्हती. पेंच नदीचंच बघा. २०१९ च्या उन्हाळ्यात तिच्यावरचं तोतलाडोह धरण मृतसाठ्यावर आलं आणि नागपूरला दिवसाआड पाणी द्यावं लागलं. वर मध्य प्रदेशात चौराईला धरण झाल्यापासून पेंचचा येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्या वर्षी पेंचवरच्याच नवेगाव खैरीच्या काठच्या फार्महाऊसांमधून काय दिसत असेल याची कल्पना करा.

आता तुमची चाळीस पावलं. प्रत्येक धरणाची पूर्ण संचय पातळी ठरलेली असते. आंभोऱ्याचं पाणी म्हणजे गोसेखुर्द धरणाचा फुगवटा, त्याची पातळी २४५.५ मीटर. तिथपर्यंतची जमीन बुडीत म्हणून सरकारने संपादित केलेली. पाणी उतरलं की उघडी पडते ती गाळपेर, आणि ती एका हंगामाच्या पट्ट्याने कसायला देतात, त्यात प्रकल्पग्रस्तांचा हक्क पहिला. तर कुंपण आणि पाणी यांच्या मधली ती जमीन कोणाची, हे दलालाला विचारा. सरकारची असेल तर तिथे हरभरा पेरायला दुसरंच कोणी येणार, तुम्ही पडवीत बसून तो बघणार. आणि ती त्या पाऊण एकरातच मोजलेली असेल तर प्रकरण त्याहून वाईट, कारण मग तुम्हाला संपादित जमीनच विकायला काढली आहे. गट नकाशा संपादनाच्या नकाशाशेजारी ठेवून बघा आणि जागेवर हद्दीचे दगड शोधा. दगड सापडत नसतील तर ते का सापडत नाहीत याचाही विचार करा.

गोसेचं भूमिपूजन १९८८ चं, पण पाणी पुष्कळ वर्षांनी आणि टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. त्यामुळे 'आमच्या आठवणीत पाणी इथवर कधी आलं नाही' या शेजाऱ्याच्या साक्षीला तिथे काही किंमत नाही.

शिवाय पूर. २०२० च्या ऑगस्टअखेर वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचं नावच काढू नये. या रेषांचे नकाशे जलसंपदा विभागाच्या कार्यालयात पाहायला मिळतात. दलालाकडे नसतात.

कन्हानकाठची, १२ जानेवारी

आंभोऱ्याबद्दल आणखी एक, नाक मुरडून सांगते. नाग आणि पिवळी एकत्र होऊन कन्हानला मिळतात, आणि कन्हान वैनगंगेला मिळते ती आंभोऱ्यालाच. म्हणजे दादा, तुम्ही नागपूर सोडून जिथे जाताय तिथे नागपूर पाइपातून तुमच्या आधी पोचलेलं आहे. धरणाने पाणी थांबवल्यापासून तर जास्तच. जलकुंभीचे हिरवे गालिचे फोटोत छान दिसतात, वास फोटोत येत नाही. आईंना सांगा, पवनीचा त्यांच्या लहानपणचा घाट वेगळा होता.

संगम, देऊळ, विवेकसिंधूकार मुकुंदराजांचं ते स्थान, सगळं मान्य. दिवसभराची सहल जरूर करा. भाजणीचे वडे घरून न्या.

संत्रागोळी, १२ जानेवारी

बयाणा थांबवला. फोनवर 'ती मधली जमीन कोणाची' एवढंच विचारलं तर म्हणाला, 'साहेब, तुम्हाला घ्यायचंच नाहीये.'

मोहफूल, १३ जानेवारी

माझं मत नवेगावबांधच्या पट्ट्याला. खुद्द त्या तलावाला नव्हे, पट्ट्याला. तिथे तलावाच्या अंगाला जंगल आहे, १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. काठाला जागा मिळेल ही आशा सोडा.

पण साकोलीकडून खाली उतरलात की अर्जुनी मोरगाव, लाखांदूर, सडक अर्जुनी, या सगळ्या मुलखात गावागणिक तलाव आहे. कुठे दोन, शिवाय बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्याच. हे कोहळी समाजाचं काम. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. सात बहिणींच्या डोंगरांमधली जागा हेरून पाळ (मातीचा बांध) घातली. लोकांनी त्याला नुसता पाटील नाही ठेवला, कोलासूर म्हणून देवच केला. तलाव बांधणाऱ्याचा देव करणारा मुलूख आहे हा!

मामा तलाव आणि धरणाचा फुगवटा यांच्यात राहायला गेल्यावर फरक कळतो. फुगवट्याच्या काठी गाव नसतं, ते उठवलेलं असतं. तिथे तुम्ही, तुमचं कुंपण आणि वारा. मामा तलावाला गाव पाठ टेकून बसलेलं असतं. पाळ, पाळीवर चिंचेची, अर्जुनाची झाडं, खाली घरं, घरांच्या पुढे धानाच्या बांध्या (खाचरं). संध्याकाळी पाळीवर अर्धं गाव फिरायला. थंडीत पट्टकादंब हंस येतात, अडया बदकं तर शिट्ट्या मारत डोक्यावरूनच जातात. नशीब असेल तर गोंदियाकडच्या बांध्यांमध्ये सारसाची जोडी. एक दिवस इटियाडोहला जायचं, परतताना गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत थुक्पा खायचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी लोक पन्नासहून जास्त वर्षं राहतायत, अस्सल झाडीबोली बोलतात.

उन्हाळ्यात इथलेही तलाव आटतात, वाघोबांशी मी भांडत नाही. पण आटलेल्या मामा तलावात गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. तो रिकामा वाटत नाही.

खारपाण_कन्या, १३ जानेवारी

पश्चिमेकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहिते. चिखलदरा थंड आहे, १,१०० मीटरच्या वर, महाराष्ट्रात कॉफी होते ती तिथेच. पण तलाव लहान, उन्हाळ्यात गावालाच पाण्याची ओढाताण, आणि जमिनींचे बरेच मूळ मालक कोरकू, त्यामुळे व्यवहार नाजूक. काटेपूर्णाला पक्षी बघायला या. आमच्या अकोल्याकडे खारपाणपट्टा, बोअरला लागलेलं पाणी चहालासुद्धा चालत नाही. वर्धा-यवतमाळकडे काळी माती. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला एवढी भेग पडते की हात जावा. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअर मारलीत तर फ्लोराइड तपासल्याशिवाय एक थेंब पिऊ नका.

चखणा, १३ जानेवारी

बोरधरण जवळ आहे, व्याघ्र प्रकल्प आहे, सगळं झकास. फक्त वर्धा जिल्हा दारूबंदीचा. गडचिरोलीही. चंद्रपूरची २०१५ ला लागली ती २०२१ ला उठली. पडवीत बसून काय पिणार त्यावर भाग ठरवा, मी निघतो.

संत्रागोळी, १३ जानेवारी

पडवीत आई बसणार आहे हो.

पटवारीपुत्र, १५ जानेवारी

सगळे निसर्गातच रमलेत, आता रुक्ष बोलतो. धागाकर्ते, तुम्ही शेतकरी आहात का? म्हणजे तुमच्या नावावर सातबारा आहे का? नसेल तर तुम्ही पाहिलेल्या जागांपैकी बहुतेक तुम्हाला घेताच येणार नाहीत. पुण्या-मुंबईकडचे लोक कलम ६३ सांगतात, आपल्याकडे कायदा वेगळा: विदर्भाचा कुळवहिवाट कायदा १९५८ चा, त्याचं कलम ८९. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमिनीचं हस्तांतरण नाही. 'आमच्याकडे शेतकरी दाखला काढून मिळतो' असं सांगणारा भेटेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. बनावट दाखल्यावरचा व्यवहार पुढे कधीही उघडा पडतो.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग १ ठीक. वर्ग २ म्हणजे अटी आहेत, परवानगी लागणार, नजराणा लागणार. खातेदार आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं, आणि ते यायलाच पाहिजे. 'गडीमाणसाच्या नावावर घेऊ' हा उद्योग करू नका.

आता फक्त आपल्याकडचंच दुखणं, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर हा शेरा सापडतो. जागेवर पाहिलं तर माळरान, चार बाभळी. पण २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झुडपी जंगल हे वनच धरायचं. तलावाच्या वरच्या अंगाला, जिथून पाणी उतरतं, तिथे हा शेरा हमखास असतो आणि 'व्ह्यू' नेमका तिथूनच चांगला दिसतो.

आणि निस्तार पत्रक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गावाला कुठे गुरं चारायचा हक्क, कुठली वाट, कुठलं पाणी, कुठे सरण, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या प्लॉटमधून जाणारी पायवाट सातबाऱ्यावर दिसणार नाही. निस्तार पत्रकात आणि गाव नकाशावर दिसेल. पांधणीचंही, म्हणजे शेतात जायच्या वाटेचंही, तेच. पांधण नकाशावर आहे की नुसतीच शेजाऱ्याच्या मर्जीवर चालू आहे, हे आधी बघा. शेजाऱ्याची मर्जी त्याच्या पोरांच्या वाटणीपर्यंत टिकते.

बिगरशेतकऱ्याला सरळ रस्ते दोन. अकृषक झालेला प्लॉट, आदेशाची प्रत हातात घेऊन. 'एनए प्रोसेसमध्ये आहे' म्हणजे झालेलं नाही. नाहीतर गावठाणातलं घर. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही संहितेच्या कलम ४२-ड मध्ये सवलत होती, पण ती आपोआप पदरात पडत नव्हती, तहसीलला जाऊन रक्कम भरून नोंद करून घ्यावी लागायची; आता काय नियम आहे ते तहसीललाच विचारा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतील. ती कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावात मालमत्ता पत्रक मिळतं, ते मागा.

संत्रागोळी, १५ जानेवारी

डोकं गरगरलं, पण आभार. आईच्या माहेरची जमीन होती, म्हणून तिला विचारलं. म्हणाली, 'भावाला राखी बांधायला गेले तेव्हाच हक्कसोडवर सही करून आले.' साल १९९४. म्हणजे आम्ही शेतकरी नाही.

कन्हानकाठची, १५ जानेवारी

घरोघरी हेच. माझी सही २००१ ची, साडी मात्र पैठणी मिळाली होती.

पाळीवरचा, १७ जानेवारी

मी धीवर समाजाचा आहे. आमच्या संस्थेकडे गावच्या तलावाचा मासेमारीचा ठेका आहे. हा धागा मुलाने दाखवला म्हणून लिहितो.

चार वर्षांमागे आमच्या तलावाच्या वरच्या बाजूला बाहेरच्या एका माणसाने जमीन घेतली. कागद त्याचे बरोबर होते, त्यावर आमचं म्हणणं नाही. त्याने तारेचं कुंपण केलं. त्या जागेतून गुरं पाण्यावर उतरत होती. आता गुरं पाऊण कोस फिरून जातात. त्याने रस्ता उंच केला, मुरूम टाकला, तर ज्या नाल्याने तलावात पाणी येत होतं तो वळला. दोन पावसाळे तलाव पुरता भरला नाही. तलाव भरला नाही तर शेवटच्या बांध्यांना पाणी पोचत नाही आणि आम्ही सोडलेलं बोटुकली (माशांची लहान पिल्लं) जगत नाही. त्याला हे सांगायला गेलो तर कुत्रं सोडलं. तो वर्षात दहा दिवस येतो.

तुम्ही वाईट माणसं नाही हे वाचून कळतं. पण भाग कुठला, दर काय, दिसतं काय, एवढंच विचारून राहिले. तिथे पाणी कोण वाटतो, हे कोणीच विचारलं नाही.

मुक्काम_पुणे, १७ जानेवारी

कायदेशीर जमीन घेऊन स्वतःच्या हद्दीत कुंपण घातलं तर चूक काय? कुंपण घातलं नाही तर वर्षभरात अतिक्रमण होतं, अनुभव आहे. गावकऱ्यांनाही पैसा मिळतोच की.

पटवारीपुत्र, १७ जानेवारी

नाल्याचा प्रवाह अडवणं हे स्वतःच्या हद्दीतसुद्धा कायदेशीर नाही. वाट आणि नैसर्गिक पाणी अडवलं तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दावा होतो. पाळीवरचा दादा, तुमच्या संस्थेने अर्ज केला नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मसुदा करून देतो.

पाटबंधारे_निवृत्त, १८ जानेवारी

पाळीवरचा यांचा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्या खात्याच्या वर्मी लागणारा आहे. मालगुजारी असेपर्यंत तलावाची डागडुजी गावच करायचं. कोहळ्यांच्या रिवाजात पाणी कुणाला कधी सोडायचं ते ठरलेलं असे, पाणी वाटणारा पाटकरी ते राबवी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरांवर सिंचन असेल तो पाटबंधारे खात्याकडे, त्याखालचे जिल्हा परिषदेकडे. सहा हजारांवर तलाव, आणि गाळ काढायला पैसा कधीच पुरला नाही. जिथे गाव अजून एकत्र येऊन पाळ सांभाळतं तिथला तलाव जिवंत, बाकी ठिकाणी बेशरम, ती पाण्यातली रानटी झुडपं, माजलेली. तलावाच्या पाण्यात बेशरमीचं रान दिसलं की त्या गावात घर घेण्याआधी दोनदा विचार करा. पाण्याचं कारण आहेच, पण गावात भांडण असण्याची शक्यता जास्त.

विकणे_आहे, २६ जानेवारी

नावाप्रमाणे विकणे आहे, पण इथे जाहिरात करणार नाही. पेंचच्या अलीकडे एका लहान तलावाजवळ आमचं घर आहे. सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी सव्वीस वेळा गेलो, मागच्या वर्षी चार वेळा. त्यातल्या दोन वेळा दुरुस्तीसाठी.

हौसेने कवेलूचं (कौलांचं) छप्पर केलं. गावातला म्हातारा म्हणाला होता, 'साहेब, वांदरं आहेत.' मला वाटलं, असतील. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री गावातून फोन आला. सकाळी पोचलो तर वीस-पंचवीस वांदरांचा कळप छपरावर बसलेला, एक मादी पिल्लाला पोटाशी धरून शांतपणे एकेक कवेलू उचलून खाली बघत होती. किडे शोधत असावी. कवेलू उचलून बाजूला ठेवते हे मला फार सभ्य वाटलं. ठेवलेलं घरंगळून अंगणात फुटत होतं. आत पलंगावर चार बोटं पाणी, गादी फुगलेली, आणि कपाटाच्या मागे उधई (वाळवी) भिंतीवरून छतापर्यंत. बायकोने तिच्या बाबांची पेटी आणून ठेवली होती. हात लावला तर तळ हातात आला.

आता पत्रे आहेत. मेमध्ये आत बसवत नाही.

चौकीदाराला महिना आठ हजार. वीज बंद पडली की तो कळवतो, पण दोन दिवसांनी. वीस वेळा फोन केल्यावर लाइनमन. हे सगळं लिहिताना आठवतंय की थंडीतल्या सकाळी तिथल्या पाण्यावरून वाफ उठते ती बघायला मी अजूनही जाईन. पण त्यासाठी घर लागत नाही, एवढं सहा वर्षांत कळलं. गावात कोणाकडे तरी वर्षभरासाठी एक खोली भाड्याने घ्या, आधी चार ऋतू बघा.

साकोलीचा_वाघोबा, २६ जानेवारी

हाव! भाड्याची गोष्ट बराबर आहे. आमच्याकडे अर्धे पोरं नागपूर-पुण्याले गेले, घरं कुलपात पडून राह्यले. माणूस राह्यला तं घर टिकते.

मोहफूल, २७ जानेवारी

विकणे_आहे यांच्याशी सहमत, आणि एक भर. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, ताडोब्याच्या बाजूचा विचार करणाऱ्यांनी वाघाला 'आकर्षण' समजू नये. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत तिथे पहाटे जंगलात गेलेली बाई परत येईल का, हा घराघरातला घोर आहे. तिथल्या माणसाला वाघ दिसला का म्हणून उत्साहाने विचारू नका.

संत्रागोळी (धागाकर्ता), २४ मे

मधले चार महिने गायब होतो. मुलाची परीक्षा, आईच्या गुडघ्याचं दुखणं. पण सांगितल्याप्रमाणे मे महिन्यात फिरून आलो, तो वृत्तांत.

आधी आंभोऱ्याच्या जागेवर गेलो, मुद्दाम दुपारी. डिसेंबरातल्या चाळीस पावलांची पाचशे ऐंशी झाली होती, मुलाने मोजली. मध्ये भेगाळलेली जमीन, हरभऱ्याची धसकटं, एका खड्ड्यात मेलेले मासे आणि भोवती बगळे. कुंपणाच्या खांबांच्या आत साधारण बारा पावलांवर जमिनीत रुतलेला एक दगड सापडला, चुना लावलेला, अक्षरं पुसट. म्हणजे पाऊण एकरातला मोठा तुकडा दगडाच्या पाण्याकडच्या बाजूला. निवृत्त काका, तुम्हाला फोटो पाठवलाय. आई गाडीतून उतरली नाही. वास आला होता.

तिथून साकोलीमार्गे अर्जुनी मोरगाव तालुक्यात. वाघोबांनी ज्यांचा पत्ता दिला होता त्यांच्याकडे दोन रात्री राहिलो. गावाचं नाव लिहीत नाही, दर वाढतील असं तेच म्हणाले. तलावात पाणी म्हणाल तर मधोमध एक डबकं, म्हशी बसलेल्या. बाकी सगळा पोरांचा. पण संध्याकाळी पाळीवर गेलो तर वारा होता, चिंचेखाली बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीने आईला विचारलं, 'कोनत्या गावची व माय?' आई म्हणाली, पवनीची. त्या बाईची मोठी बहीण पवनीलाच दिलेली. मग आम्हाला कोणी विचारेना. साडेआठला बॅटरी घेऊन आणायला जावं लागलं.

पाळीवरचा दादांचं लक्षात ठेवून मी पाणी कोण वाटतो ते विचारलं. यजमानांनी पाटकऱ्याकडेच नेलं. सत्तरीचा माणूस, त्याने तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून दाखवलं, कुठल्या बांधीला किती वेळ ते बोटांवर मोजून सांगितलं. गेल्या वर्षी गावाने मिळून गाळ काढला. बेशरम एका कोपऱ्यात आहे, थोडी.

पाळीपासून दोन गल्ल्या सोडून गावठाणात एक घर बंद आहे. मालक पुण्याला कंपनीत. दोन खोल्या, मातीच्या जाड भिंती, पुढे पडवी, मागे आड. पडवीतून पाणी दिसत नाही, पाळ दिसते. विकायचं की नाही हे त्यांचं ठरलेलं नाही, भावांमध्ये वाटणी बाकी आहे, म्हणून तूर्त अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घेतलंय. महिना अडीच हजार, आणि छप्पर आम्ही नीट करायचं. मुलगा विचारत होता की पाणी न दिसणारं पाण्याकाठचं घर कसं. आजीने त्याला सांगितलं की पावसाळ्यात ऐकू येईल.

आता एकच अडचण. छपराचे साताठशे कवेलू फुटलेत, पावसाआधी हवेत. साकोली-अर्जुनीकडे अजून कोणी करतं का? विकणे_आहे साहेब, वांदरांचं माहीत आहे, तरी पत्रे नको म्हणतेय आई.

साकोलीचा_वाघोबा, २४ मे

नवे नका घेऊ भाऊ, कच्चे निघतेत. घरकुल मंजूर झालेले लोकं जुनी घरं पाडून राह्यले, त्यायचे जुने कवेलू अंगणात रचून ठेवले राह्यतेत. जुने चांगले भाजलेले असतेत, वांदरानं आपटलं तरी लवकर फुटत नाई. आमच्या शेजारी हजारेक आहेत. ट्रॅक्टर बोलवतो, जूनच्या सातच्या आत या. मृग लागला का छपरावर चढाले माणूस भेटत नाई, सगळे धानाचे परे (रोपं) टाकाले जातेत.